शकू बाडीत होती तेव्हा

कार्तिकातलं ऊन पाठीवर पडलं की माझे हात आपोआप काहीतरी खुडायला शोधतात. सौंसरच्या या घराला अंगण नाही. गच्चीवर दोन कुंड्या आहेत. एकीत तुळस, दुसरीत सुनेनं हौसेनं आणलेलं शोभेचं झाड. सकाळी चहाचा कप घेऊन मी वर जाते तेव्हा खालच्या रस्त्यावरून संत्र्यांनी भरलेल्या गाड्या नागपूरकडे निघालेल्या असतात. गाडी गेली तरी सालीचा कडवट-गोड वास थोडा वेळ हवेत राहतो. मी कुंडीतली पिवळी पानं काढते. मग काढण्यासारखं काही उरत नाही.

मोहगावजवळ आमचं शेत आहे. कपाशी, संत्रा, बांधाबांधानं तूर. विहिरीला लागून भाजीपाल्याचा एक लहानसा तुकडा होता, त्याला सगळे बाडी म्हणत. कपाशी आणि संत्र्याचं आमचे हे पाहायचे. बाडी माझी आणि शकूची. शकू म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. तिला पांढुर्ण्याला दिली होती. लग्नाला थोडी वर्षं होतात न होतात तोच तिचा नवरा आजारपणात गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी तिला एका दुपारी आणून सोडलं आणि चहासुद्धा न घेता निघून गेले. मी त्या घरात सून होऊन आले ते त्याच वर्षी. चुलीपाशी बसून ती मला म्हणाली होती, "तू पहिल्यांदा आली अन् मी वापस आली. पण दोघींलेबी हे घर नवंच हाय, वहिनी."

आमची मैत्री बाडीत झाली. घरात सासूबाई होत्या तोवर मोकळं बोलायची सोय नव्हती, आणि त्या गेल्यावर सवय राहिली नव्हती. बोलायचं ते बाडीत.

दिवाळी झाली की बाडी खऱ्या अर्थानं भरायची. पहाटे विहिरीवर धुक्याचा पातळ थर असायचा. मेथीवर इतकं दव की पहिली जुडी बांधेपर्यंत बोटं बधिर व्हायची. मग आम्ही हात काखेत दाबून उभ्या राहायचो आणि एकमेकींकडे पाहून हसायचो. सांबाराचा वास हाताला बसला की भाकर खातानाही जात नसे. (सांबार म्हणजे कोथिंबीर, पुण्यामुंबईची माणसं ऐकून गोंधळतात म्हणून सांगितलं.) कुंपणावर वालाच्या शेंगा, जांभळ्या कडांच्या. वांगी अशी तुकतुकीत की आपला चेहरा दिसावा. मुळ्याचा पहिला मान शकूचा. पहिला मुळा ती स्वतः उपटायची, दांडाच्या, म्हणजे पाटाच्या, पाण्यात खळखळून धुवायची, कचकन मोडायची आणि अर्धा मला द्यायची. इतका तिखट असायचा की डोळ्यांतून पाणी यायचं. "खाय वं, नाकातली सर्दी पळते," ती म्हणायची. घरी नेऊन मीठ लावून खाल्लेल्या मुळ्याला ती चव कधीच आली नाही.

दुपारी गेल्या सालच्या तुराट्या पेटवून वांगी भाजायची. वरून राख झटकली न झटकली असं सोलून, पाट्यावर हिरवी मिरची-लसूण रगडून, त्यावर कच्चं तेल. ज्वारीची भाकर हातावर. ऊन अंगावर घेत जेवायचं, आणि सावली सरकली की आपणही सरकायचं. आजही या दिवसांत सौंसरच्या बाजारात भरताचं वांगं घेते. गॅसवर भाजते. सगळं घर म्हणतं, छान झालं. मीही म्हणते.

ज्या सालची मला सारखी आठवण येते, त्या साली शकूच्या डोक्यात फुलगोबीनं घर केलं. तोवर आम्ही पानभाजी, वांगी, मुळा असलंच लावायचो. पांढुर्ण्याकडची गोबी तिनं पाहिली होती. "एकाच जागी सारी पांढरी फुलं, वहिनी. आपल्या बाडीत तशी पाह्याची हाय मले," ती म्हणत राहिली. ह्यांनी हसण्यावारी नेलं, पण नाही म्हटलं नाही. रोपं लोधीखेड्याहून आली. तिथं देवराव म्हणून एक गृहस्थ मिरची-वांगी-गोबीची रोपं तयार करून विकायचे.

लावणी झाली आणि आठवड्यात निम्मी रोपं मान टाकून बसली. शकूचा चेहरा पडला. मग तिला राग आला. तिनं ह्यांचा फोन घेतला, बांधावर उभी राहून देवरावांना लावला आणि नमस्कार न करता म्हणाली, "भाऊ, तुम्ही रोपं देल्ली का गवत देल्लं?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र बांधापाशी मोटरसायकल थांबली. मागं रोपांचे ट्रे दोरीनं बांधलेले. पन्नाशीकडे झुकलेला, अंगानं किरकोळ माणूस उतरला, चप्पल बाहेर काढून बाडीत शिरला आणि सरळ जमिनीवर बसला. एक मेलेलं रोप उपटून त्यानं मूळ चोळून पाहिलं.

"तुमची चूक नाही, बाई. माझी हाय," तो म्हणाला. "रोप कोवळं होतं. आणखी चार दिवस थांबाले पाहिजे होतं मी."

मग त्यानं नवी रोपं स्वतः लावली. शकू खड्डे करत पुढं, तो रोप टेकवत मागं. मी पाणी देत होते. दुपार होईपर्यंत दोघं कामाशिवाय एक शब्द बोलले नाहीत. चहा घेऊन तो गेला तेव्हा शकू बराच वेळ फटफटीच्या आवाजाकडे कान देऊन उभी होती. मग म्हणाली, "माणूस 'चूक माझी हाय' म्हणते अन् मंग मातीत बसून काम करते. तू पाहिला होता का वं असा?"

मी म्हटलं, "नाही बापा."

त्यानंतर देवराव येत राहिले. कधी म्हणत, इकडून चाललो होतो. कधी म्हणत, अळी तर नाही ना पडली पाहावं. त्यांची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली होती, एकुलती मुलगी नागपूरला शिकत होती, एवढं आम्हाला कळलं होतं. गोबीनं फूल धरलं तेव्हा त्यांनी दाखवलं की वरची पानं अर्धवट मोडून फुलावर कशी झाकायची, म्हणजे ऊन लागून ते पिवळं पडत नाही. पान पूर्ण तुटू द्यायचं नाही, फक्त वाकवायचं. शकू एका ओळीत पानं वाकवत चालली, ते दुसऱ्या ओळीत. ओळीच्या टोकाला दोघं एकदमच पोचले. देवराव म्हणाले, "औंदा थंडी चांगली हाय." शकू म्हणाली, "हो, गोबीले पाहिजेच." मी वालाच्या शेंगा तोडत होते. मला हसू आवरेना, म्हणून मी कुंपणाच्या पलीकडे गेले.

आवळी नवमीला आम्ही दरवर्षी बांधावरच्या आवळ्याखाली स्वयंपाक करायचो. त्या वर्षी शकूनं वांगं-वालाची भाजी हट्टानं स्वतःच केली. नेमके देवराव आले. ह्यांनीच त्यांना हाताला धरून बसवलं, "जेवल्याबिगर जायचं नाही, भाऊ." ह्यांचा उपास होता, त्यामुळे पानावर एकटे देवराव. शकूनं वाढलं. ते मान खाली घालून जेवले. तिनं विचारलं, "भाजी आणखी देऊ का?" ते म्हणाले, "द्या." पुन्हा वाढली. तीही संपवली आणि हात धुऊन गेले.

मग आम्ही दोघी बसलो. पहिला घास तोंडात घातला आणि एकमेकींकडे पाहिलं. भाजीत मीठच नव्हतं. कणभरही नव्हतं.

शकू हसायला लागली. इतकी हसली की तिला ठसका लागला. "दोन बखत घेतली वं त्यानं! अन् काही बोलला नाही!" मीही हसत होते. आवळ्याची बारीक पानं वाऱ्यानं आमच्या भाकरीवर पडत होती. मग हसता हसता ती एकदम थांबली आणि पदरानं डोळे पुसत राहिली. ते हसण्याचं पाणी नव्हतं, हे मला कळलं.  मी मीठ आणायच्या निमित्तानं उठले.

पुढच्या वेळी देवराव आले ते बाडीत गेले नाहीत. मी विहिरीवर होते, तिथं आले. टोपी हातात घेऊन म्हणाले, "वहिनी, तुम्हाले एक सांगाचं होतं. तुम्ही बाईंले विचारून पाहा. त्या हो म्हणाल्या तं मी भाऊंपाशी येतो. नाही म्हणाल्या तं माझ्याकडून काही वाईट नाही. रोपं मी दुसऱ्याच्या हातानं पाठवत जाईन."

काय विचारायचं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि त्याची गरजही नव्हती. ते गेल्यावर मी रिकामी बादली हातात धरून उभी राहिले. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? बाडी आली. पहाटेचं धुकं आलं. एकटीनं बांधलेल्या मेथीच्या जुड्या आल्या. घरात मला नवरा होता, मुलगा होता, तरी बोलायला माणूस एकच होतं, आणि त्याच माणसाला जाशील का म्हणून मला विचारायचं होतं.

मी त्याच दिवशी विचारलं. थांबले असते तर धीर झाला नसता. शकू गोबीच्या वाफ्यात उकिडवी बसली होती. तिनं सगळं ऐकलं. बराच वेळ ती माती नुसती हातानं सारखी करत राहिली.

"मले जावंसं वाटते, वहिनी," ती म्हणाली. "अन् जावंसं वाटते याची शरम वाटते."

"शरम कायची?"

"दादानं इतके वर्ष ठेवलं. तुमी कधी उणं बोलले नाही. मंग मले काहून वाटते असं?"

मी तिच्याजवळ बसले. मला एवढंच सुचलं ते म्हटलं, "भूक लागली याची कोणी शरम करते का?"

ह्यांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. घास ताटात ठेवून म्हणाले, "या वयात? डोकं ठिकाणावर हाय का? लोकं म्हणतील, बहीण जड झाली म्हणून काढली घराबाहेर. आपल्या घरात तिले काय कमी हाय?"

"कमी काही नाही," मी म्हटलं. "पण तिचं म्हणून काय हाय?"

ते ताटावरून उठले. ह्यांचा स्वभाव भांडखोर नाही. राग आला की गप्प होतात, आणि ते गप्प झाले की सगळं घर गप्प होतं. शकूनं काय ते ओळखलं. माझ्याकडून काही निरोप गेला नाही, तसे देवराव यायचे थांबले. आणि गोबी तर ऐन भरात आलेली. पानं बाजूला केली की आत पांढरीशुभ्र, घट्ट, दवानं गार फुलं. तिनं म्हटलं होतं तशी, एकाच जागी सारी पांढरी. ती सकाळी विळा घेऊन एकेक कापायची आणि गोणपाटाच्या चुंगड्यात भरायची. कौतुक करायला कोणी नव्हतं. मी "काय सुंदर फूल हाय" म्हटलं की ती नुसती मान हलवायची. बाजारात आम्ही शेजारी शेजारी बसायचो आणि गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखं एकमेकींशी बोलायचो.

एका संध्याकाळी मला राहवलं नाही. हे अंगणात बाजेवर बसले होते. मी म्हटलं, "माझ्यावर रागावू नका. मले एक सांगा. तुम्ही तिले विचारलं का?"

"काय विचाराचं?"

"तिले काय पाहिजे ते. पहिल्या लग्नाच्या वेळी कोणी विचारलं होतं का? आणून सोडलं तेव्हा विचारलं का? आता तरी विचारा. मंग नाही म्हणा."

 त्यानंतर कितीतरी दिवस काहीच झालं नाही. धुकं पडत राहिलं, तूर फुलून पिवळी झाली, कपाशीची दुसरी वेचणी सुरू झाली. मला वाटलं, गेलं ते. आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात थोडं हायसंही वाटलं. माणूस एकाच वेळी दोन्ही बाजूंनी रडू शकतो, हे मला त्या दिवसांत कळलं.

मग एका सकाळी गोबीची चुंगडी गाडीवर चढवायची होती. हे खाली उभे राहून उचलून देत होते, शकू वर उभी राहून घेत होती. मी बांधावर होते. एक चुंगडं अर्धवट उचललेलं असताना ह्यांनी विचारलं, "शकू, तुले खरंच जावंसं वाटते?"

तिनं चुंगड्याची दोन टोकं घट्ट धरली होती. म्हणाली, "हो, दादा."

बस, एवढंच. ह्यांनी चुंगडं वर ढकललं. तिनं ओढून नीट ठेवलं. मग दुसरं.  शेवटचं झाल्यावर हे गाडीच्या चाकाला टेकून उभे राहिले आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसत राहिले. घाम येण्यासारखं ऊन अजून झालं नव्हतं.

रात्री मला म्हणाले, "तिले मी आज पहिल्यांदा काही विचारलं, गं."

लग्न मार्गशीर्षात झालं, गावातल्या महादेवाच्या देवळात, मोजक्या माणसांत. देवरावांची मुलगी नागपूरहून आली होती. तिनंच पुढं होऊन शकूच्या केसांत गजरा माळला. जेवणाला शकूच्याच बाडीतली गोबी, वांगी, सांबार. मी तिच्या हाताला हळद लावत होते. नखांच्या कडांत माती होती, कितीही घासली तरी निघत नव्हती. "राहू दे," ती म्हणाली. "तिकडंबी मातीच हाय." मग माझ्या मनगटाला घट्ट धरलं आणि सोडेना. हळदीत आमच्या दोघींचे हात एकच पिवळे झाले होते.

ती गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाडीत गेले. कोणी गेलं म्हणून भाजी थांबत नाही. मेथी काढायला आली होती. मी एकटी बसले आणि जुड्या बांधल्या. बोटं बधिर झाली तेव्हा हात काखेत दाबून उभी राहिले, पण हसायचं कोणाकडे पाहून? त्या पौषात तुरीच्या ओल्या शेंगा आल्या, हरभऱ्याचे शेंडे खुडायला आले, गहू ओंबीवर आला. सगळं वेळच्या वेळी येत गेलं. मी ते सगळं एकटीनं केलं. पुढची दोन-तीन वर्षं बाडी ठेवली. मग गुडघे कुरकुरायला लागले, मुलाला सौंसरला नोकरी लागली, आम्ही इकडं राहायला आलो, आणि ह्यांनी बाडीत संत्र्याची कलमं लावली. झाडं चांगली आली आहेत. हे रोज मोटरसायकलनं जाऊन पाहून येतात. मी फारशी जात नाही.

लोधीखेडा काही लांब नाही. बसनं सकाळी जावं, दुपारी परत यावं. म्हणून तर कोणाला सांगता येत नाही की मला तिची आठवण येते. सून म्हणते, "मग जाऊन या ना, आई." मी जाऊनही येते. पण इतकी वर्षं झाली, मी गेले की शकू पाय धुवायला पाणी देते, गादीवर बसवते, भजी तळते. निघताना कुंकू लावते, ब्लाउजपीस देते, आणि देवराव पिशवी घेऊन बस थांब्यापर्यंत पोचवायला येतात. ती आमच्याकडे आली की मीही तेच करते. दोघी एकमेकींच्या पाहुण्या झालो. माणूस सुखात आहे हे डोळ्यांनी दिसतं, त्याबद्दल मनात तक्रार नसते, आणि तरी घरी येताना मी बसच्या खिडकीतून मागंच पाहत राहते. त्याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही.

या वर्षी दिवाळीनंतर तिचा फोन आला. "वहिनी, लसूण लावून राहिलो. थंडी मस्त पडली. येजो ना."

मी गेले. तिचं घर आणि शेत रस्त्याला लागूनच आहे. केस पांढरे झालेत, पण चाल तीच. देवराव लसणाच्या पाकळ्या सोलत उन्हात बसले होते, मुलगी बाळंतपणाला आली होती आणि आतून "आई, पाणी तापलं!" म्हणून शकूला हाका मारत होती. जेवण झालं, भजी झाली, कुंकू झालं. ब्लाउजपीस पिशवीत गेला. ऊन कलायला लागलं तसं शकू मला पोचवायला रस्त्यावर आली. आम्ही शेताच्या कडेला उभ्या होतो. माझ्या सुनेचं, शकूच्या नव्या नातवाचं, कोणाच्या तरी लग्नाचं बोलत होतो. लांबच्या वळणावर बस दिसली.

तेवढ्यात मागं मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. दिवसभर गेलेली लाइन आली होती. शकूनं वळून पाहिलं. दांड एका जागी फुटला होता आणि पाणी नव्या लावलेल्या लसणाच्या वाफ्यात घुसत होतं.

"अवो बापा! वहिनी, लसूण चालला!" ती ओरडली आणि धावत सुटली. धावता धावताच तिनं सांगितलं, "तू खालचं तोंड मातीनं बांध! मी वरतून पाहतो!"

तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

बस येऊन थांबली. कंडक्टर दारात लोंबकळत म्हणाला, "चलो बाई, सौंसर, सौंसर!" मी त्याला हातानं जायला सांगितलं. त्यानं माझ्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि घंटी मारली. मी पिशवी बांधावर ठेवली, चपला काढल्या, पदर खोचला आणि चिखलात उतरले. पाणी घोट्यापर्यंत आलं, थंडगार.

"आणखी माती टाक वं!" शकू वरून ओरडली.

मी टाकली.